कॅटलॉगमधला आकडा आणि टेस्ट बेंचवरचा आकडा: मार्केटिंग-इंजिनिअरिंगचं तेच तेच भांडण कसं सोडवायचं

लक्षणं ओळखीची आहेत. प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले की मार्केटिंगवाले म्हणतात, "डिझाइनकडून काहीच वेळेवर येत नाही." प्रदर्शन संपून महिना झाला की डिझाइनवाले म्हणतात, "हे वाटेल ते छापतात आणि शिव्या आम्ही खायच्या." मध्येच डीलरचा फोन येतो: साहेब, कॅटलॉगमध्ये लिहिलंय तेवढं पाणी पंपातून पडत नाही. मग मिटिंग होते, चहा होतो, दोन्हीकडचे मॅनेजर "यापुढे काळजी घेऊ" म्हणतात. पुढच्या मॉडेलला पहिले पाढे पंचावन्न.

खालचे उपाय मुख्यतः अशा कंपन्यांसाठी आहेत, ज्यांचा कारखाना भोसरी, चाकण किंवा तळेगावला आहे आणि मार्केटिंगचं ऑफिस बाणेर-शिवाजीनगरकडे. हिंजवडी-खराडीच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा बिघाडही तोच असतो, फक्त उदाहरणं वेगळी. त्यांच्यासाठी मध्ये एक परिच्छेद आहे.

आधी हे करू नका

दोन्ही टीमना सिंहगडावर नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातल्याने हा प्रश्न सुटत नाही. पिठलं चांगलं असतं, पण सोमवारी टेबलावर तोच कॅटलॉग असतो. प्रत्येक मेलमध्ये दहा जणांना सीसी करूनही काही होत नाही. दहा जणांनी पाहिलेलं मेल म्हणजे कोणीच न वाचलेलं मेल. आणि "कम्युनिकेशन गॅप" हा शब्द मिटिंगमध्ये कोणी काढला, तर तिथेच थांबवून विचारा: नेमकी कोणती माहिती, कोणाकडून कोणाकडे जाताना, कुठे पडली? याचं उत्तर देता येत नसेल तर निदान अजून झालेलं नाही.

निदान: तासाभराचं काम

मागची तीन-चार भांडणं आठवा आणि प्रत्येकाची एक ओळ लिहा. भांडण माणसांवरून झालं असं वाटतं, पण कागदावर उतरवलं की ते एखाद्या वस्तूवरून झालेलं दिसतं: छापलेला आकडा, दिलेली तारीख किंवा न कळवता केलेला बदल.

आता त्यातला एक वादाचा आकडा घ्या आणि उलट दिशेने मागे जा. डीलरचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, त्याआधी कॅटलॉग, त्याआधी मार्केटिंगचं प्रेझेंटेशन, त्याआधी आर अँड डीचा मेल, त्याआधी टेस्ट रिपोर्ट. पाचही कागद शेजारी ठेवा. रिपोर्टमध्ये आकड्याबरोबर व्होल्टेज, हेड (म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते), तापमान, नग क्रमांक सगळं असतं. मेलमध्ये आकडा आणि "अंदाजे" एवढंच उरतं. प्रेझेंटेशनमध्ये नुसता आकडा. कॅटलॉगमध्ये तोच आकडा ठळक टायपात, शेजारी "पर्यंत". डीलरच्या मेसेजमध्ये "पर्यंत"ही गेलेलं असतं.

या साखळीत खोटं कोणीच बोललेलं नाही. प्रत्येक टप्प्यावर आकडा पुढे गेला आणि त्याची अट मागे राहिली, एवढंच झालं. अट बहुतेक वेळा मेल आणि प्रेझेंटेशनच्या मध्ये गळते, कारण तिथे आकडा इंजिनिअरच्या हातातून सुटतो. भांडणं वेगवेगळी दिसली तरी मूळ गळती बहुधा हीच, म्हणून दुरुस्तीही इथूनच सुरू करायची.

आकडा: सर्वात जास्त वेळ इथे द्या

पंपाचं उदाहरण घेऊ, कारण त्यात चूक डोळ्यांनी दिसते. कॅटलॉगमध्ये छापलंय: दीड एचपी, कमाल हेड ५० मीटर, कमाल डिस्चार्ज, म्हणजे बाहेर पडणारं पाणी, १०,००० लिटर प्रति तास. दोन्ही आकडे टेस्ट बेंचवर खरे आहेत. पण हेड वाढलं की पाणी कमी होतं, आणि हे आकडे त्या वक्राच्या दोन टोकांचे आहेत. ५० मीटरला व्हॉल्व्ह बंद असतो, म्हणजे पाणी शून्य. १०,००० लिटर मिळतं तेव्हा हेड अगदी तळाला असतं. शेतकरी मात्र दोन्ही ओळी एकत्र वाचतो आणि ५० मीटरवर दहा हजार लिटर पाणी पडेल असं धरून चालतो. त्याचं काय चुकलं? शेजारीशेजारी आपणच छापलंय.

हा दावा किती अशक्य आहे ते पाहायला मोठं गणित लागत नाही. दर सेकंदाचे लिटर गुणिले ९.८१ गुणिले मीटरमधलं हेड, की पाण्याला मिळालेली शक्ती वॉटमध्ये येते. तासाला १०,००० लिटर म्हणजे सेकंदाला २.७८, गुणिले ९.८१ गुणिले ५०, सुमारे १,३६० वॉट. दीड एचपीची मोटर शाफ्टवर देते १,११९ वॉट. म्हणजे कॅटलॉगमधला पंप मोटरकडून घेतो त्यापेक्षा जास्त शक्ती पाण्याला देतो! हेच गणित ३० मीटर आणि ६,००० लिटरला केलं तर ४९० वॉट येतात, पंपाची कार्यक्षमता ४४ टक्क्यांच्या आसपास पडते, आणि लहान पंपाला ते पटण्यासारखं आहे. मार्केटिंगमधल्या प्रत्येकाला हा एक गुणाकार शिकवा. छपाईच्या आदल्या दिवशी डिझाइनला फोन करण्यापेक्षा तो लवकर होतो.

प्रत्येक धंद्याची अशी आपापली खोडी असते. कॉम्प्रेसरमध्ये पिस्टन डिस्प्लेसमेंट (पिस्टनने ढकललेली हवा) आणि प्रत्यक्ष मिळणारी हवा, म्हणजे एफएडी, या दोन्हींचं एकक सीएफएमच (मिनिटाला घनफूट), पण दुसरा आकडा नेहमी पहिल्यापेक्षा कमी. कॅटलॉगमध्ये नुसतं "सीएफएम" लिहिलं की ग्राहक त्याला जो हवा तो अर्थ घेतो. बंद पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला आयपी ६७ हे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन मिळालं की मार्केटिंग "वॉटरप्रूफ" लिहितं. आयपी ६७ मध्ये वस्तू एक मीटर पाण्यात तीस मिनिटं बुडवून तपासतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची चाचणी वेगळी असते आणि ६७ मिळालं म्हणजे तीही पास झाली, असं होत नाही. वॉशिंग सेंटरवाल्याने प्रेशर गन मारली आणि पाणी आत गेलं, तर भांडण "वॉटरप्रूफ" या एका शब्दावरून होतं. वाहनांची रेंज किंवा मायलेज ठरलेल्या ड्रायव्हिंग सायकलवर मोजलेलं असतं. कोथरूडला एआरएआयची, म्हणजे वाहनं तपासणाऱ्या संस्थेची, टेकडी चढून फिरायला जाणाऱ्यांनाही एव्हाना हे ठाऊक आहे, पण होर्डिंगवर अजून नुसतेच किलोमीटर असतात.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी: "९९.९ टक्के अपटाइम" म्हणजे तीस दिवसांत ४३ मिनिटं बंद राहण्याची मुभा. आणखी एक नऊ जोडला की उरतात सव्वाचार मिनिटं. वेबसाइटवर तो नऊ टाकायला मार्केटिंगला एक सेकंद लागतो. इंजिनिअरिंगला दुसरा डेटाबेस, पहिला बंद पडताच आपोआप त्यावर जाण्याची सोय (फेलओव्हर) आणि रात्रपाळीची ऑन-कॉल ड्युटी लागते. शिवाय नियोजित देखभालीचा वेळ यात धरलाय की नाही, ही तुमची गळालेली अट.

आता उपाय. एकच शीट ठेवायची, तिला दाव्यांचा तक्ता म्हणा. प्रत्येक ओळीत एक दावा आणि सात रकाने: दावा जसा छापायचा तसाच्या तसा, आकडा आणि एकक, अट, प्रत, टेस्ट रिपोर्टचा क्रमांक व तारीख, किती नग तपासले, आणि सही करणाऱ्याचं नाव. तक्ता मार्केटिंगने भरायचा, सही इंजिनिअरिंगने करायची. उलट केलंत तर शीट रिकामी राहील. डिझाइनवाल्यांना कॅटलॉगची भाषा सुचत नाही आणि सुचली तरी ती कोणी वाचत नाही.

"प्रत" या रकान्यात तीनच शब्द चालतील: मोजलेला, काढलेला, अंदाज. मोजलेला म्हणजे बेंचवर किंवा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष नगावर. काढलेला म्हणजे गणिताने किंवा सिम्युलेशनने. अंदाज म्हणजे अनुभवी माणसाचं मत. छापील कॅटलॉग, होर्डिंग आणि वेबसाइटवर फक्त मोजलेला जाईल. काढलेला आकडा अमुक टक्के कमी-जास्त असं लिहून कोटेशनमध्ये चालेल. अंदाज कंपनीच्या गेटबाहेर जाणार नाही, मग तो कितीही मोठ्या साहेबांचा असो.

नगांचा रकाना गमतीचा वाटतो, पण खरा घोळ तिथेच असतो. पाच पंपांनी ३० मीटरला ६,१५०, ६,०२०, ५,९४०, ६,२०० आणि ६,०८० लिटर दिले. सरासरी ६,०७८, म्हणून ६,००० छापणं सुरक्षित वाटतं. पण पाचातला एक त्याखाली आहे, आणि तो ज्याच्या विहिरीवर बसेल तो सरासरी ऐकून घेणार नाही. छापायचे ५,९००. एकाच नगावर मोजलेलं असेल तर आकडा "मोजलेला" समजू नका. आर अँड डीने हाताने जुळवलेला पहिला नग नेहमीच गुणी बाळ असतो.

इथे मार्केटिंगचा आक्षेप ठरलेला: "समोरच्या कंपनीचं ६,५०० आहे, आमचं ५,९०० कोण घेणार?" आक्षेप रास्त आहे, उडवून लावू नका. त्यांच्या ६,५०० ला हेड किती लिहिलंय ते आधी पाहा. बऱ्याचदा ते २४ मीटरचं निघतं. तसं असेल तर २४ मीटरला आपलाही आकडा मोजून द्यायचा, ही इंजिनिअरिंगची जबाबदारी, आणि चार दिवसांत द्यायचा. अटी वाढवून जाहिरात मारून टाकणं हा उपाय नव्हे. ग्राहक ज्या परिस्थितीत वापरतो तीच अट निवडा. "३० मीटरवर तासाला ५,९०० लिटर" हे "कमाल डिस्चार्ज"पेक्षा वाचायला सरळ आहे आणि विकायलाही. खाली १०, २०, ३०, ४० मीटरचे चार आकडे द्या, म्हणजे डीलरला फोन करावा लागत नाही.

व्होल्टेज विसरू नका. सिंगल फेज पंप बेंचवर २३० व्होल्टला चालतो. शिरूर-जुन्नरकडे शेवटच्या पोलावर १९० मिळालं तरी नशीब. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, म्हणजे १९० ला तो सुमारे ६८ टक्केच उरतो. पंप उचलत नाही, मोटर गुणगुणते, वाइंडिंग तापतं, आणि तक्रार येते "पाणी नाही" म्हणून. ग्रामीण भागात विकायचं असेल तर १९० व्होल्टची चाचणी तक्त्यात वेगळी ओळ म्हणून घ्याच.

कायद्याची बाजूही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तीच चूक केली तर ५० लाखांपर्यंत. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. दावा मराठीत ठळक आणि अट खाली इंग्रजीत मुंगीएवढी, हा जुना खेळ बंद करा. ही दोन वाक्यं मार्केटिंग हेडला सांगितली की तक्त्याला होणारा विरोध बराच मावळतो.

तारीख: "बघतो" म्हणजे नेमकं काय?

मराठी माणसाला तोंडावर नाही म्हणवत नाही. डिझाइनवाला "बघतो" म्हणतो, त्याच्या मनात ते "अवघड आहे" असतं. मार्केटिंगवाला ते "होईल" असं ऐकतो आणि ग्राहकाला "झालंच समजा" सांगतो. तीन माणसांत तीन अर्थ. म्हणून तारखेलाही प्रत लावा: पक्की, बहुतेक, इच्छा. ग्राहकाला लेखी फक्त पक्की जाईल. ऑर्डरमध्ये एलडीचं, म्हणजे उशिराबद्दलच्या दंडाचं, कलम असेल, समजा दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के, तर ४० लाखांच्या ऑर्डरवर एका "बघतो"ची किंमत आठवड्याला २०,००० रुपये. कोटेशन पाठवण्याआधी हा हिशोब डिझाइनच्या माणसालाही दाखवा. त्याला तो सहसा माहीतच नसतो.

उलट बाजूही तितकीच खरी. स्टॉलचे पैसे काही महिने आधी भरलेले असतात आणि परत मिळत नाहीत, छापखान्याला आर्टवर्क ठरलेल्या दिवशी लागतं, हे इंजिनिअरिंगला कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांच्या लेखी प्रदर्शन म्हणजे मार्केटिंगची हौस.

दोन्हीकडच्या न हलणाऱ्या तारखा एका कागदावर उलट मोजा. समजा डिसेंबरच्या मध्याला मोशीच्या कृषी प्रदर्शनात नवा पंप दाखवायचाय. तीन आठवडे आधी आर्टवर्क बंद. पाच आठवडे आधी दाव्यांच्या तक्त्यावर सह्या. सात आठवडे आधी पायलट लॉटची, म्हणजे पहिल्या थोड्या नगांची, चाचणी सुरू. त्याआधी चार आठवडे पायलट लॉटचे भाग आणि जोडणी. त्याआधी मोल्डला (साच्याला) आठ आठवडे आणि पहिल्या ट्रायलनंतरच्या दुरुस्त्यांना तीन. बेरीज बावीस आठवडे, म्हणजे जुलैच्या मध्यात मोल्डचं ड्रॉइंग बंद व्हायला हवं. त्यात गणपती आणि दिवाळी येतात, टूलरूमची माणसं गावी जातात, म्हणून आणखी दोन आठवडे धरा. थोडक्यात, पालखी पुण्यातून पुढे गेली की ड्रॉइंगला हात लावायचा नाही. सप्टेंबरमध्ये मार्केटिंगला नवा हँडल सुचला तर तो पुढच्या वर्षी.

गुरुवार

भांडणाचं हे कारण इतकं साधं आहे की कोणाच्या लक्षात येत नाही. भोसरी-चाकणच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि शहरातल्या ऑफिसची शनिवार-रविवार. दोघं एकाच वेळी कामावर असतात ते सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार, म्हणजे आठवड्यातले चारच दिवस. मार्केटिंगने बुधवारी संध्याकाळी पाठवलेल्या मेलला शुक्रवारी उत्तर येतं, त्यावर शंका विचारेपर्यंत शनिवार उजाडतो. एका प्रश्नाला सहा दिवस, आणि दोघांनाही वाटतं समोरचा आळशी आहे.

उपाय: मंगळवारी सकाळी अकराला अर्धा तास, फक्त तक्त्यातल्या सह्या न झालेल्या ओळी. बुधवारी दुपारी तीननंतर "तातडीचं" काही पाठवायचं असेल तर मेल नको, फोन करा.

"फक्त" रंग बदलायचाय

"फक्त" या शब्दाने सुरू होणारी मागणी कधीच फक्त नसते. बॉडीचा निळा थोडा गडद करायचा म्हणजे नवा आरएएल नंबर (रंगाचा कोड), पावडरची नवी खरेदी, बूथची पूर्ण सफाई, जुन्या रंगाच्या बॉडींचा साठा, सुट्या भागांचे दोन रंग, आणि बॉक्सवरचा फोटो चुकीचा. स्क्रीनवरचा निळा आणि ओव्हनमधून निघालेला निळा कधीच जुळत नाहीत, त्यामुळे रंगाचा निर्णय रंगवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर, दिवसाच्या उजेडात घ्यायचा.

पण डिझाइनवाले हेच उलट करतात तेव्हा त्यांच्या गावीही नसतं. खर्च वाचवायला केबल तीन मीटरची दीड मीटर केली, ईसीएन (डिझाइन बदलाची नोंद) काढली, स्टोअरला कळवलं, मार्केटिंगला नाही. कॅटलॉगमध्ये तीन मीटर छापलेलंच आहे. ईसीएनच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवा: "हा बदल ग्राहकाला दिसतो, हाताला लागतो किंवा मोजता येतो का?" उत्तर हो असेल तर पंधरा दिवस आधी मार्केटिंगची सही, आणि दाव्यांच्या तक्त्यातली ती ओळ पुन्हा उघडायची. फॉर्ममध्ये एक चौकट वाढवायला खर्च शून्य, आणि पुढच्या अनेक कटकटी टळतात.

स्टॉलवर

दाखवायला नेलेला नग विक्रीचा नसेल तर त्यावर "नमुना" अशी पाटी लावा, आणि पाटी फोटोत येईल अशी लावा. स्टॉलवर एक इंजिनिअर हवाच, पण त्याने विशेष मागणीला जागेवर हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. फॉर्मवर लिहून घ्यायचं आणि सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. त्याला मराठीत ग्राहकाशी बोलता आलं पाहिजे. "इम्पेलरचं बॅलन्सिंग ग्रेड" सांगत बसणारा माणूस चाकणलाच बरा.

तरीही भांडण थांबत नसेल तर

मग कोणाला कशाबद्दल शाबासकी मिळते ते पाहा. मार्केटिंगचं मोजमाप एनक्वायरींवर आणि इंजिनिअरिंगचं खर्च वाचवण्यावर असेल, तर कॅटलॉगप्रमाणे माल न निघण्याची झळ दोघांनाही बसत नाही. ती सर्व्हिसवाल्याला बसते. सर्व्हिस फॉर्ममध्ये तक्रारीचा एक प्रकार वाढवा: "कॅटलॉगप्रमाणे नाही". महिन्याची संख्या दोन्ही विभागप्रमुखांना एकाच मेलमध्ये पाठवा, विभागणी न करता. कोणाच्या वाट्याच्या किती, हा वाद सुरू झाला की वरची पाच कागदांची साखळी पुन्हा मांडायची.

संख्या घटत नसेल आणि तक्ता नीट भरलेला असेल, तर बहुतेक वेळा दोष जुन्या कॅटलॉगचा निघतो. नवा छापला, पण डीलरच्या कपाटात दोन वर्षांपूर्वीचा गठ्ठा तसाच आहे आणि तो त्यातूनच वाटतोय. म्हणून प्रत्येक कॅटलॉगच्या मागच्या पानावर खाली कोपऱ्यात आवृत्ती आणि महिना छापा, तक्रार घेताना सर्व्हिसच्या माणसाने ग्राहकाला तो कोपरा वाचायला सांगावा, आणि नवा गठ्ठा देताना जुना मोजून परत घ्या, रद्दीच्या भावाने पैसे द्यावे लागले तरी.